विजेची मोटार आणि मागील ट्रेलर : पल्ल्याचे गणित

विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या मागे ट्रेलर जोडला की तिचा पल्ला घटतो. ही घट प्रामुख्याने ओझ्यामुळे होते, असा सर्वसाधारण समज आहे. सपाट महामार्गावर मात्र तो फारसा खरा ठरत नाही.

सन २०२२ मध्ये ‘मोटरट्रेंड’ या अमेरिकन नियतकालिकाने फोर्ड कंपनीच्या ‘एफ-१५० लाइटनिंग’ या विजेच्या पिकअप वाहनाची या दृष्टीने चाचणी घेतली. त्या वाहनाचा अधिकृत पल्ला सुमारे ४८० किलोमीटर होता. मागे सुमारे १,४२५ किलोग्रॅम वजनाचा फिरता निवास जोडताच तो १८५ किलोमीटरवर आला. सुमारे २,३८५ किलोग्रॅमच्या ट्रेलरसह तो १६० आणि ३,२७५ किलोग्रॅमच्या ट्रेलरसह १४५ किलोमीटर भरला. वजन सव्वादोन पटींहून अधिक वाढूनही पल्ला आणखी ४० किलोमीटरच कमी झाला. पहिल्या, सर्वांत हलक्या ट्रेलरने मात्र जवळजवळ ३०० किलोमीटर हिरावून घेतले होते. अर्थात अधिकृत पल्ला ठरविताना महामार्गावरील अखंड वेग गृहीत धरलेला नसतो. त्यामुळे या तफावतीचा काही भाग वेगाच्या खाती टाकणे न्याय्य होईल.

याचे कारण हवेच्या अवरोधात आहे. ट्रेलरची उंच, सपाट पाठभिंत आणि दोन वाहनांमधील मोकळी जागा यांमुळे मागे भोवरे निर्माण होतात व ते वाहनाला मागे खेचतात. हा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० ऐवजी ८० किलोमीटर वेग ठेवला, तर तो ३६ टक्क्यांनी कमी होतो. एवढी मोठी बचत करून देणारा आणि पूर्णपणे चालकाच्या हाती असलेला दुसरा उपाय क्वचितच असेल.

ताशी २० किलोमीटर वेगाला हाच अवरोध ताशी १०० च्या तुलनेत अवघा पंचविसावा हिस्सा उरतो. म्हणूनच उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा हिशेब वेगळा असतो. तेथे चाकांचे रस्त्याशी होणारे घर्षण आणि ओझे हेच निर्णायक ठरते. मऊ मातीची पाणंद डांबरी रस्त्यापेक्षा अनेक पट शक्ती खाते. टायरमधील कमी हवा त्यात भर घालते.

घाटात वजनाला पुन्हा महत्त्व येते. एक टन वजन सुमारे ३६७ मीटर उंच चढविण्यास एक युनिट वीज लागते. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंतची चढण साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. तेव्हा दोन टनांच्या ट्रेलरसाठी केवळ या चढणीचा जादा खर्च तीन युनिटांचा; यंत्रणेतील गळती त्याहून वेगळी. उतारावर मोटर जनित्राचे काम करून यातील काही वीज बॅटरीत परत भरते. हवेच्या अवरोधात खर्ची पडलेली वीज मात्र परत मिळत नाही.

डिझेलच्या वाहनालाही ट्रेलरमुळे इंधन अधिक लागतेच. पण त्याची टाकी काही मिनिटांत भरते. विजेच्या वाहनाला थांबावे लागते ते अधिक वेळा आणि अधिक काळ. त्यातच चार्जिंग केंद्रांवरील जागा बहुधा एकट्या मोटारीच्या लांबीची असते. ट्रेलर सोडून बाजूला उभा करणे व पुन्हा जोडणे हे काम त्यामुळे चालकाच्या माथी येते. महामार्गालगतच्या केंद्रांसाठी जागेची आखणी करतानाच एखादी जागा दोन्ही बाजूंनी खुली ठेवल्यास जोडवाहन सरळ आत येऊन सरळ बाहेर पडू शकते.