अँटीबॉडीचा आकडा उतरला म्हणजे लस वाया गेली का?

कोरोनाची लस घेतल्यावर अनेकांनी पदरचे पैसे मोडून अँटीबॉडीची तपासणी करून घेतली. आकडा मोठा आला की मास्क खुंटीला, लहान आला की झोप उडाली. या आकड्याचा अर्थ आपण नीट समजून घेऊ.

अँटीबॉडी म्हणजे प्रतिपिंडे, रक्तातली संरक्षक प्रथिने. ती विषाणूच्या काट्यांना चिकटतात आणि त्याला पेशीत शिरू देत नाहीत. दुसऱ्या डोसनंतर काही आठवड्यांत त्यांचे प्रमाण सर्वाधिक असते, पुढे काही महिन्यांत ते उतरते. हे शरीराच्या नियमाप्रमाणेच होते. प्रतिपिंडे कमी झाली तरी ती बनवण्याची आठवण ठेवणाऱ्या स्मृतिपेशी मागे राहतात. टी-पेशी विषाणू शिरलेल्या पेशी नष्ट करतात. नेहमीच्या अँटीबॉडी तपासणीत या दोन्ही पेशी मोजल्या जात नाहीत.

मग आकडा निरर्थक आहे का? तसेही नाही. २०२१ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये सात लसींची तुलना प्रसिद्ध झाली. विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे जितकी जास्त, तितके संरक्षण जास्त, असे तीत दिसले. कोरोनातून बऱ्या झालेल्यांच्या सरासरी पातळीच्या सुमारे २० टक्के पातळीला संसर्गापासून ५० टक्के संरक्षण मिळते. गंभीर आजारापासून तेवढेच संरक्षण मिळायला सुमारे ३ टक्के पातळी पुरते, असा अंदाज निघाला. म्हणूनच लस घेऊनही ताप-खोकला होतो, पण ऑक्सिजन लागण्याची वेळ फार कमी जणांवर येते.

मात्र हे समूहाचे गणित आहे. एका माणसाच्या रिपोर्टवरून 'तुम्ही सुरक्षित' असे सांगता येत नाही. शिवाय विषाणू रूप बदलतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये आढळलेल्या ओमायक्रॉनचे काटे इतके बदलले होते की आधीची प्रतिपिंडे त्यांना नीट चिकटत नव्हती. मोठा आकडा असलेलेही तेव्हा आजारी पडले.

भारतात १० जानेवारी २०२२ पासून खबरदारीचा डोस सुरू झाला. तो कोणाला द्यायचा हे काम, वय, सहव्याधी आणि दुसऱ्या डोसनंतर गेलेले नऊ महिने पाहून ठरले. अँटीबॉडीचा रिपोर्ट कोणी मागितला नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: आकडा पाहून घाबरू नका आणि गाफीलही राहू नका. घरातले वृद्ध, मधुमेही, मूत्रपिंड बदललेले रुग्ण यांच्या पुढच्या डोसबद्दल डॉक्टरांना विचारा. तपासणीचे पैसे औषधपाण्याला राखून ठेवा.