न ऐकू येणारा नाद

नगारा वाजू लागला, की त्यापुढे टिमकी ऐकू येत नाही. टिमकीचा नाद नाहीसा होतो असे नव्हे. तो कानापर्यंत पोहोचतो, परंतु मोठ्या नादाने व्यापलेले कर्णेंद्रिय त्याची दखल घेत नाही. कानाची ही उणीव जर्मनीतील एर्लांगेन येथील संशोधकांच्या पथ्यावर पडली.

कॉम्पॅक्ट डिस्कवरील गाण्याच्या प्रत्येक सेकंदासाठी शून्य व एक यांचे सुमारे १४ लक्ष अंक लागतात. जे ऐकूच येणार नाही, ते इतक्या काटेकोरपणे नोंदावे कशासाठी, असा कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला. अशा नादांची नोंद त्यांनी गाळली वा ढोबळ केली आणि अंकांचा भार अकराव्या हिश्श्यावर आणता येऊ लागला.

तथापि एका साध्या गीताने या युक्तीची कठोर परीक्षा घेतली. सुझान व्हेगा या गायिकेच्या ‘टॉम्स डायनर’ या गीताला एकाही वाद्याची साथ नाही. ढोबळ नोंदीने उत्पन्न झालेली खरखर लपणार कोठे? तो गोड आवाज अगदी विद्रूप झाला! ब्रांडेनबुर्ग यांनी ते गीत पुनःपुन्हा ऐकले आणि आवाज निर्मळ उमटेपर्यंत आपली पद्धती सुधारली. १९९५ साली तिच्या संचिकांना ‘एमपी-थ्री’ हे नाव मिळाले. भार प्रमाणाबाहेर घटविला, तर आजही झांजांचा झणत्कार बिघडलेला ऐकू येतो.