ही लघवी किती वाजताची?

परवा साडेअकराच्या सुमाराला पनवेलहून एक ताई वाशीला दवाखान्यात आल्या. रुमालात गुंडाळलेली बाटली पर्समधून काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "किती वाजताची?" मी विचारलं. "सहाची. सकाळची पहिली लघवी आणा म्हणालात ना!" ऐन उन्हाळा, हार्बर लोकलची गर्दी आणि मध्ये गेलेले साडेपाच तास. अशा बाटलीत जंतू भरपूर निघतात, पण मूत्राशयातले किती आणि वाटेत वाढलेले किती, हे लॅबलाही सांगता येत नाही.

चूक ताईंची नव्हती. बाटली हातात देताना पुढचं सांगायचं आमच्याकडूनच राहतं. बाटली लॅबचीच, निर्जंतुक हवी. घरातली औषधाची धुतलेली बाटली नको. हात धुवा, लघवीची जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवा. पहिली धार सोडून मधली धार बाटलीत घ्या. झाकणाच्या आत बोट लागू देऊ नका. दोन तासांत बाटली लॅबमध्ये पोचली पाहिजे. ते जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे. लॅबमध्येच जाऊन दिलीत तर सर्वांत उत्तम.

साध्या तपासणीत पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, त्याच दिवशी कळतात. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, पण जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल हे त्यातूनच समजतं. बहुतेकदा तो आपल्याच आतड्यातला ई. कोलाय असतो, आणि आपल्याकडे तो कित्येक नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद देत नाही. म्हणून उन्हाळी लागली की धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या, पण मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका. दोन गोळ्या पोटात गेल्यावर कल्चर कोरं येऊ शकतं आणि आजार तसाच राहतो. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर पाठीत दुखणं किंवा उलट्या असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

गरोदर बाईने मात्र काही त्रास नसला तरी सुरुवातीच्या महिन्यांत एकदा कल्चर करावं. या काळात लपलेला जंतू मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. घरातल्या आजींचं नेमकं उलटं. जळजळ नाही, ताप नाही, फक्त हेल्थ चेकअपच्या रिपोर्टात पस सेल्स वाढलेले, तर तेवढ्यावरून अँटिबायोटिक सुरू करू नये. मधुमेह असला तरीही. कागदावर औषधोपचार करण्याची ही घाई मला फार सलते.

ताईंना मी नवी बाटली दिली. लघवी लागेपर्यंत त्या बाहेर बाकावर बसल्या. "ट्रेनमध्ये पंचाईत नको म्हणून मी सकाळपासून पाणीच प्यायले नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांना आधी दोन पेले पाणी दिलं.