शाई लागण्याआधी

बाळा, यंदा तुझ्या बोटाला पहिल्यांदाच शाई लागणार. त्याआधी चार गोष्टी सांगायच्या आहेत. त्यातली एक मला फार महागात पडलेली आहे.

शाळेत शिकवत असताना निवडणुकीची ड्यूटी मला बऱ्याचदा लागायची. केंद्राध्यक्ष म्हणून आदल्या रात्री पेट्या घेऊन जायचं, पहाटे मॉक पोल घ्यायचा. सगळ्या उमेदवारांचे प्रतिनिधी दिवसभर एकाच बाकावर बसलेले असत. दुपारी एकाच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दुसऱ्याच्या भाकरीवर जायची. शंभर मीटरच्या रेषेपलीकडे मात्र त्यांचीच माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात. तेव्हापासून मला वाटत आलंय, शेजारी बसून जेवायचं आहे हे ध्यानात असलं की माणसाची जीभ आपोआप आवरते.

आपल्या ख्रिस्ती मंडळीतही बाक एकच आहे. प्रभूच्या बारा जणांत जकातनाक्यावरून उठून आलेला मत्तय होता, आणि जिलोत म्हणून ओळखला जाणारा शिमोनही होता. एक सत्तेसाठी पैसा गोळा करणारा. दुसऱ्याच्या नावातच त्या सत्तेविरुद्धची धग. दोघांचे वाद झाले असतील की नाही, शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. शेवटच्या भोजनाला मात्र दोघंही होते.

आता माझी गोष्ट. एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपल्याच मंडळीतला माझा सोबती समोरच्या पॅनलकडे गेला. उपासना सुटल्यावर, देवळाच्या दारातच, चारचौघांत मी त्याला म्हणालो, “किती घेतलेस?” दोनच शब्द. तो काही बोलला नाही, चपला घालून निघून गेला. त्यानंतर अडीच वर्षं तो प्रभुभोजनाला आला नाही. मी भाकर मोडून घेत होतो आणि त्याची जागा रिकामी दिसत होती. शेवटी एका पावसाळ्यात त्याच्या घरी गेलो. त्याने चहा ठेवायला सांगितलं, मग म्हणाला, “रात्री बायकोला झटके आले तेव्हा त्या माणसाने स्वतःची जीप काढली, नगरला दवाखान्यात नेलं, सकाळपर्यंत बसून राहिला. मी मत दिलं ते त्यासाठी.” मी त्याचे पाय धरायला वाकलो, तर त्याने मला उठवून खाटेवर बसवलं.

म्हणून पहिला कानमंत्र हाच: कुणी कुणाला मत का दिलं, ते त्याने सांगितल्याशिवाय तुला कळत नाही. ‘विकला गेला’, ‘अंधभक्त’, ‘गुलाम’ हे शब्द तोंडातून काढूच नकोस. धोरणावर हवं तेवढं बोल. रस्ता, पाणी, कांद्याचा भाव, शाळेतली रिकामी पदं, यांवर तावातावाने बोललास तरी मी अडवणार नाही. माणसाच्या हेतूवर बोट ठेवू नकोस.

परवा तू मला म्हणालास, “आजोबा, प्रभूनेही हेरोदाला कोल्हा म्हटलंच की!” खरं आहे, म्हटलं. हेरोद तुला मारायला टपलाय, इथून निघून जा, असं सांगायला माणसं आली होती तेव्हाचा तो शब्द. बोलणारा यरुशलेमच्या वाटेवर होता, स्वतःचा जीव द्यायला निघालेला. तो शब्द उसना घ्यायचा असेल तर ती वाटही घ्यावी लागेल.

त्यापेक्षा प्रेषितांच्या कृत्यांतला तेविसावा अध्याय काढ. सभेपुढे उभ्या असलेल्या पौलाच्या तोंडावर मारायला प्रमुख याजक हनन्या सांगतो. पौल भडकतो, त्याला चुना लावलेली भिंत म्हणतो. जवळचे लोक विचारतात, तू प्रमुख याजकाची निंदा करतोस? आणि तिथल्या तिथे पौल माघार घेतो: हा प्रमुख याजक आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि लोकांच्या अधिकाऱ्याविषयी वाईट बोलू नये असं शास्त्रात लिहिलेलं आहे. अन्याय त्याच्यावरच झालेला होता, तरी त्याने आपला शब्द परत घेतला. तूही चुकीचा फॉरवर्ड पाठवलास तर नुसता डिलीट करून गप्प बसू नकोस. ज्या ग्रुपवर टाकलास तिथेच लिही, ‘हे खोटं निघालं, मी पडताळलं नव्हतं.’

गोड बोलणं म्हणजे अन्याय गिळणं असं मात्र समजू नकोस. कयफाकडे पाठवण्याआधी प्रभूला शिपायाने चपराक मारली, तेव्हा त्याने शिवी दिली नाही आणि तो गप्पही बसला नाही. माझं काय चुकलं ते दाखव, नाहीतर मारतोस का, असं विचारलं. प्रचारात कुणी ‘तुम्ही बाहेरचे’ म्हणालं तर असंच शांतपणे सांग, की मिशनचं ‘ज्ञानोदय’ पत्र १८४२ साली याच नगरात निघालं. जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, त्याआधी त्यांनी नगरची मिशनची मुलींची शाळा पाहिली होती.

उमेदवार दारात आला की त्याला एकच नेमका प्रश्न विचार. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना, १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. तुमची भूमिका काय? उत्तर वहीत लिहून घे, पाणी दे, सलाम कर. ज्याला तू मत देणार नाहीस त्यालाही तेच पाणी आणि तोच सलाम.

तरुण संघात कुणी देवळात सभा घेऊ म्हणालं तर नाही म्हण. आचारसंहितेत प्रार्थनास्थळ प्रचाराला वापरता येत नाही. धर्माच्या नावावर मत मागणं हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचरण आहे, आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मतदाराचा धर्मही धरला. प्रार्थना मात्र सगळ्या उमेदवारांसाठी नाव घेऊन कर. पौलाने तीमथ्याला राजांसाठी प्रार्थना करायला सांगितलं, तेव्हा मंडळीच्या हातात एकही मत नव्हतं. ज्याचा राग येतो त्याचं नाव आधी घे. रात्री त्याच्यासाठी गुडघे टेकलेस तर सकाळी त्याची टर उडवायला जड जातं, हा माझा अनुभव आहे.

आणि रात्री दहानंतर राजकारणावर काही लिहायचं नाही. लिहिलंस तर पाठवू नकोस, सकाळी आजीला वाचून दाखव. तिचा चेहरा बघूनच तुला कळेल.

मतदानाच्या दिवशी माझं एक काम कर. माझ्या त्या सोबत्याला आता गुडघ्यांमुळे चालवत नाही. सातच्या आत मोटारसायकल घेऊन त्याच्या घरी जा. ओळखपत्र खिशात आहे का बघ, गाडी हळू चालव. मत कुणाला ते वाटेत विचारू नकोस. येताना त्याला इकडेच घेऊन ये, आजी पिठलं-भाकरी करणार आहे.