बुंध्यावरची अळंबी : कोयता घेण्याआधी जागा पाहा

पाऊस ओसरला की बागेच्या कडेची आणि रानातली झाडे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकदा नीट पाहून घ्यावीत. खोडाला आडवी चिकटलेली, बहुधा देठ नसलेली कडक अळंबी या दिवसांत ठळक दिसते. बरेच जण ती छाटून टाकतात आणि रोग गेला असे समजतात. पण बाहेर दिसते ते बुरशीचे फळ. तिचे जाळे लाकडात आधीच खोलवर पसरलेले असते. म्हणून अळंबी कशी दिसते याच्याइतकेच ती कुठे उगवली आहे हेही पाहायला हवे.

वाळक्या फांदीवर पातळ, शेंदरी रंगाची पिक्नोपोरस किंवा पांढरट, लव असलेली शिझोफायलम आली असेल तर घाबरू नका. या बुरशी मुख्यतः मेलेल्या लाकडावर जगतात. वाळकी फांदी खोडाच्या जोडापाशी, खुंट न ठेवता कापा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर).

जिवंत खोडावर दिसते ती बहुधा फेलिनस. वरून काळपट आणि भेगाळलेली, खालून गंजाच्या रंगाची, हाताने न तुटणारी. ती वर्षानुवर्षे टिकते आणि थरावर थर चढवत जाते. खैरासारख्या झाडांचा गाभा ती कुजवते. बाहेरचे लाकूड शाबूत असल्याने पालवी हिरवीगार राहते आणि धोका लक्षात येत नाही. कोयत्याच्या पाठीने खोडावर ठोकून पाहा. पोकळ आवाज आला आणि झाड घरावर, गोठ्यावर किंवा वाटेवर कलले असेल, तर वनविभागाची परवानगी घेऊन ते वेळीच उतरवा. ऐन-किंजळाची राबासाठी फांद्यातोड करताना राहिलेले खुंट आणि बुंध्याशी लागलेली आग, यांतूनच या बुरशीला वाट मिळते. कोकणात फणसावरची अळंबी ‘फणसोंबा’ म्हणून उगाळून औषधाला वापरतात. पण तिच्यासारख्या दिसणाऱ्या जाती अनेक आहेत, त्यामुळे स्वतःच्या अंदाजाने कुणालाही, विशेषतः लहान मुलांना, ती देऊ नका.

सर्वांत जास्त काळजी बुंध्याशी, जमिनीलगत येणाऱ्या गॅनोडर्माची करावी. वरची बाजू लाखेचा मुलामा दिल्यासारखी लालसर, चकचकीत. वाढती कडा पांढरी. ताज्या अळंबीच्या खालच्या पांढऱ्या बाजूवर नखाने ओरखडा काढला की तपकिरी रेघ उमटते. आजूबाजूच्या पानांवर तपकिरी भुकटीही पडलेली आढळते. ही बुरशी मुळे कुजवते. नारळावर तर अळंबी फार उशिरा येते. त्याआधी बुंध्यातून लालसर तपकिरी चिकट द्रव पाझरतो आणि खालच्या झावळ्या पिवळ्या पडून लोंबतात. तेव्हाच जागे व्हा. रोगट माडाभोवती चर खणून तो वेगळा पाडा, त्याच्या आळ्यातले पाणी शेजारच्या माडाला जाऊ देऊ नका, नांगराने मुळे दुखवू नका. निरोगी माडांना दरवर्षी ५ किलो निंबोळी पेंड ट्रायकोडर्मा मिसळून द्या. मेलेला माड नुसता तोडून भागत नाही. बुडखा आणि मुळेही खणून जाळावी लागतात.

ओळख पटली नाही तर अळंबीचा तुकडा, चिकटलेल्या लाकडासह, वर्तमानपत्रात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात न्या. प्लास्टिकच्या पिशवीत तो कुजतो. झाडाची जात आणि अळंबीची जमिनीपासूनची उंची सोबत लिहून द्या.