संदर्भसूची शेवटच्या रात्री करू नका

शेतीशाखेतल्या मुलामुलींचे पेपर जर्नलला जाण्याआधी वाचून देण्याचं काम मी राहुरीत बरीच वर्षं करतो आहे. प्रयोगाची आखणी, मातीचे नमुने, पृथक्करण, आकडेमोड यात मुलं तयार असतात. पेपर अडतो तो शेवटच्या दोन-तीन पानांवर. म्हणून कुणी पेपर आणून दिला की मी तो मागून वाचायला घेतो.

नेवाशाकडच्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण सांगतो. उसाच्या जमिनीतल्या नत्रावरचा तिचा पेपर चांगला होता. पण तो परीक्षकांपर्यंत पोहोचलाच नाही, संपादकीय कार्यालयातूनच परत आला. मजकुरात नाव आहे पण सूचीत नाही, सूचीत आहे पण मजकुरात कुठेच नाही, एकाच लेखकाच्या नावाची दोन स्पेलिंगं, एका जर्नलचं नाव पूर्ण तर दुसऱ्याचं संक्षिप्त. तिने घाईघाईने दुरुस्ती करून पाठवला. पुन्हा परत, कारण त्या जर्नलला आकड्यांची पद्धत हवी होती आणि तिने नाव-वर्षाची वापरली होती. पेपर स्वीकारला गेला तोवर पीएचडी प्रवेशाची मुदत टळली होती आणि छापून आलेल्या पेपरचे गुण हातचे गेले होते.

तिच्या सूचीचं मूळ शोधलं तेव्हा कळलं, ती एका सीनियरच्या प्रबंधातून आली होती. सीनियरने ती त्याच्या सीनियरकडून घेतलेली. हा प्रकार सर्रास चालतो. आपल्या क्षेत्रातला सगळ्यांच्या ओळखीचा संदर्भ घ्या: पानसे आणि सुखात्मे. शेतीप्रयोगांच्या सांख्यिकीवरचं त्यांचं पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने 1954 मध्ये काढलं. आज कुणी त्यापुढे 1967 लिहितो, कुणी 1978, कुणी 1985. आवृत्त्या निघत गेल्या, त्यामुळे ही वर्षं चूक नाहीत. पण लिहिणाऱ्याने कोणती प्रत उघडली होती, असं विचारलं की शांतता पसरते. उपलब्ध नत्र काढण्याची सुब्बय्या आणि असिजा यांची पद्धत 'करंट सायन्स'च्या 25व्या खंडात 1956 साली आली, पृष्ठं 259-260. सारा लेख दोन पानांचा. तरी सुब्बय्यांच्या नावाची इंग्रजी अक्षरं दर प्रबंधात वेगळी दिसतात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. कॅलिफोर्नियातल्या सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी 2003 मध्ये संदर्भांतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छपाईच्या चुका मोजल्या. चूक जशीच्या तशी उतरते याचा अर्थ संदर्भ नकलून घेतला आहे, या तर्काने त्यांनी अंदाज बांधला की मूळ लेख वाचणारे सुमारे 20 टक्केच असावेत. त्याहून मजेशीर गोष्ट ॲन-विल हार्झिंग यांनी 2017 मध्ये मांडली. संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून एका प्रकाशकाने एक काल्पनिक लेख छापला होता. अस्तित्वातच नसलेला तो लेख जवळपास 400 पेपरांच्या सूचीत जाऊन बसला!

सातबाऱ्यावर गट नंबर चुकला तर जमीन असूनही सापडत नाही. संदर्भाचंही तसंच आहे. तेव्हा पुढच्यांसाठी काही सूचना.

पहिली, जर्नल ठरल्याशिवाय सूचीला हात घालू नका. लेखकांसाठीच्या सूचना वाचा आणि त्याच जर्नलच्या ताज्या अंकातला एक पेपर समोर ठेवा. पद्धती मुख्यतः दोन. नाव-वर्षाची, जिला हार्वर्ड म्हणतात. तिचं मूळ मार्क या प्राणिशास्त्रज्ञाच्या 1881 मधल्या लेखापर्यंत नेतात. दुसरी आकड्यांची, व्हँकुव्हर. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या 1978 मधल्या त्या शहरातल्या बैठकीतून ती आली. शेतीची बरीच जर्नलं पहिली मागतात, वैद्यकीय बहुतेक दुसरी. व्हँकुव्हरमध्ये क्रमांक मजकुरात प्रथम येण्याच्या क्रमाने पडतात, त्यामुळे एक परिच्छेद वर-खाली झाला की सगळे आकडे हलतात. ते हाताने घालू नका.

दुसरी, संदर्भ साठवून सूची करून देणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा. ते मोफत आहे, वर्डला जोडलं जातं आणि पद्धत बदलायची तर काही क्लिकमध्ये सूची बदलते. पण ते भरलेलंच परत देतं. शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये आलं, पृष्ठं गाळली गेली, तर तसंच छापलं जाईल. प्रत्येक नोंद आत आली की त्याच वेळी मूळ पीडीएफशी ताडून पाहा.

तिसरी सूचना आपल्या नावांची. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही आपली रीत संगणकाला कळत नाही. आडनावाच्या रकान्यात पहिलं नाव जाऊन बसतं आणि लेखक सूचीत भलत्याच अक्षराखाली जातो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेची कामं दोन जणींची वाटतात. छापील पेपरवर आहे तेच नाव लिहा, स्वतः सुधारू नका. तुमच्यापुरतं म्हणाल तर पहिल्या पेपरआधीच संशोधकाची ओळख पटवणारा मोफत ऑर्किड (ORCID) क्रमांक काढा आणि नावाचं एकच रूप कायम ठेवा.

गावांच्या नावांनाही हाच नियम. तुमच्या आजच्या पत्त्यात अहिल्यानगर लिहा. पण 2010 सालच्या अहवालावर अहमदनगर छापलं असेल तर सूचीत अहमदनगरच राहील.

प्रबंधाचा संदर्भ देताना पदवी, विद्यापीठ, गाव आणि वर्ष हवंच. 1968 मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठासह देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध कृषिकोशवर शोधता येतात, तेव्हा कुणाच्या तोंडचं ऐकून लिहू नका. मूळ लेख मिळालाच नाही तर ज्या पुस्तकात त्याचा उल्लेख वाचलात त्याचाच संदर्भ द्या.

डीओआय क्रमांक असेल तर तो उघडून पाहा. चॅटजीपीटीसारख्या साधनाला संदर्भ मागितले की ते कधीकधी खऱ्यासारखे दिसणारे लेख रचून देतं, अगदी डीओआयसकट. क्लिक केल्यावर भलताच लेख उघडला किंवा काहीच उघडलं नाही, तर तो संदर्भ काढून टाका. मागे घेतलेले लेखही तपासा. झोटेरो अशा नोंदींवर इशारा देतं.

शेवटची तपासणी दोघांनी मिळून करा. एकाने मजकुरातला प्रत्येक संदर्भ मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने छापील सूचीत त्यावर खूण करावी. खूण न झालेली नोंद काढायची, न सापडलेली भरायची. हे काम गाईडवर ढकलू नका. सूचीतली चूक तुमच्या नावावर छापली जाते आणि पुढचा विद्यार्थी ती तुमच्याकडूनच उतरवून घेतो.