बर्फावरचा पहिला दिवस : खर्च किती, कुठे आणि कशासाठी?

डिसेंबर उजाडला की अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत मुलांचा हट्ट सुरू होतो : स्कीइंगला जायचे! कोलोराडो म्हटले की पहिले नाव येते व्हेल या मोठ्या स्की रिसॉर्टचे. तिथे गर्दीच्या दिवसांत खिडकीवर काढलेले एका दिवसाचे तिकीट 300 डॉलरच्या पुढे जाते. चार प्रौढ असतील तर 1,200 डॉलरहून अधिक केवळ डोंगरावर चढण्याचे. पहिल्यांदा बर्फावर उभे राहणाऱ्याने एवढे पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी लेडव्हिल गावाजवळच्या ‘स्की कूपर’चा विचार करावा.

कूपर स्वस्त का?

हे स्की केंद्र लेक काउंटीच्या मालकीचे आहे. इथे कृत्रिम बर्फ पाडत नाहीत. आभाळातून पडेल तेवढ्यावरच हंगाम चालतो. 1942 साली कॅम्प हेल या लष्करी तळावरच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनच्या सैनिकांना स्की शिकवण्यासाठी या टेकडीवर टी-बार, म्हणजे माणसांना बर्फावरून वर ओढणारी यंत्रणा, बसवला गेला. याच डिव्हिजनमधल्या पीट सायबर्ट यांनी पुढे व्हेल उभारण्यात पुढाकार घेतला.

2019-20 च्या हंगामात कूपरने टेनेसी क्रीक बेसिन हा सुमारे 70 एकरांचा तीव्र उताराचा भाग खुला केला. त्यासाठी पुन्हा टी-बारच निवडला. त्याचे नाव ‘लिटल हॉर्स’. खुर्च्यांचा नवा पाळणा उभारायला काही दशलक्ष डॉलर लागतात. टी-बारमध्ये माणूस बर्फावरूनच ओढला जातो, त्यामुळे खांब आणि यंत्रणा हलकी असते, वीज कमी लागते आणि वाऱ्याचाही त्रास कमी होतो. कूपरचे दिवसाचे तिकीट व्हेलच्या खिडकीवरच्या दराच्या निम्म्याहूनही कमी असते. टी-बारसाठी वेगळे पैसे नाहीत. एकाच तिकिटात सगळे पाळणे येतात.

खर्च कशाकशाचा?

*तिकीट* : ऑनलाइन आणि आधी काढावे. खिडकीवर बहुतेक ठिकाणी जास्त पडते. नवशिक्याने आधी फक्त शिकाऊ उतारापुरते तिकीट मिळते का, हे विचारावे. पहिल्या दिवशी सरकत्या पट्ट्याच्या, म्हणजे मॅजिक कार्पेटच्या पलीकडे जायची वेळ क्वचितच येते.

*साहित्य* : स्की, बूट आणि काठ्यांचे भाडे साधारणपणे दिवसाला 40 ते 70 डॉलर. हेल्मेटचे भाडे अनेकदा वेगळे असते. ते वाचवू नये.

*शिकवणी* : तिकीट, साहित्य आणि गटातली शिकवणी असे नवशिक्यांचे पॅकेज असेल तर तेच घ्यावे. मोठ्या रिसॉर्टवर पूर्ण दिवसाचा खासगी शिक्षक 1,000 डॉलरच्या वर जाऊ शकतो. शिक्षकाला बक्षिसी द्यायची रीत आहे, तीही हिशेबात धरावी.

*कपडे* : जलरोधक पँट आणि जाकीट मित्रांकडून मागून घ्यावे. गॉगल आणि हातमोजे मात्र स्वतःचे असावेत. जीन्स घालून जाऊ नये. ती भिजते आणि अंग गारठते.

*गाडी* : डेन्व्हरहून रस्ता मोकळा असेल तर सुमारे दोन तास लागतात. डोंगरातल्या आय-70 महामार्गावर सप्टेंबर ते मे टायरांबाबत सक्तीचे नियम असतात. नियम मोडल्यास 100 डॉलरहून अधिक आणि गाडी अडकून रस्ता बंद पडल्यास 650 डॉलरहून अधिक दंड होतो. भाड्याची गाडी घेताना टायर कोणते आहेत, हे काउंटरवरच विचारावे.

*विमा* : भारतातून आलेल्या आई-वडिलांच्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ अनेकदा वगळलेले असतात. पॉलिसी वाचल्याशिवाय त्यांना स्कीवर उभे करू नये.

*जेवण* : पोळीभाजीचा डबा आणि भरपूर पाणी न्यावे. कूपरचा पायथाच सुमारे 3,200 मीटरवर आहे, कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. त्या उंचीवर डोके दुखणे, मळमळणे असे त्रास होऊ शकतात. आधीची एक रात्र डेन्व्हरमध्ये काढली तर फायदा होतो.

टी-बारवर चढताना

लिटल हॉर्सचा उतार जाणकारांसाठी आहे आणि पुरेसा बर्फ साचल्यावरच तो भाग उघडतो. पण साधा टी-बार जगात कुठेही भेटू शकतो, म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. उलट्या टीसारखा आडवा दांडा दोघांच्या कमरेखाली मागून टेकतो. त्यावर बसायचे नाही; बसलात की पडलात. गुडघे किंचित वाकवून, स्की समांतर ठेवून त्याला आपल्याला ढकलू द्यायचे. मफलर आणि पाठपिशवीचे लोंबते पट्टे आत खोचावेत. पडल्यास दांडा सोडून लगेच बाजूला व्हावे, कारण मागची जोडी येतच असते.

हंगामी पास घ्यावा का?

हंगामात एक-दोनदाच जाणार असाल तर नको. चार-पाच फेऱ्या ठरल्या असतील तर कूपरच्या पासचा हिशेब करून पाहावा. या पासवर इतर अनेक स्की केंद्रांवर काही दिवस मोफत मिळतात. भागीदारांची यादी दर हंगामात बदलते, म्हणून ती पाहूनच पैसे भरावेत.

मोठ्या नावावर खर्च होणारे पैसे पहिल्या वर्षी शिक्षक, हेल्मेट आणि टायर यांवर खर्च करा. मुले वळायला आणि थांबायला शिकली की व्हेल आहेच.